‘ही ती गाणी नव्हेत’

वाचकाचं पत्र

माझे बाबा ७९ वर्षांचे आहेत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत साधारण १४० कॅसेट आहेत. काही विकत आणलेल्या, पण निम्म्याहून जास्त त्यांनी रेडिओवरून टेप केलेल्या. भावगीतं, नाट्यपदं, अभंग, रेडिओच्या ‘आपली आवड’ कार्यक्रमातली गाणी. दोन-तीन कॅसेटवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत असं बाबा सांगतात. जुन्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ-टेपरेकॉर्डरवर, आवाज घोगरा येतो. मागच्या महिन्यात एका कॅसेटची टेप आत गुंडाळली गेली, तेव्हापासून ते ट्रंकेला हात लावू देत नाहीत. मोबाइलवर तीच गाणी लावून दिली, तर ‘ही ती नव्हेत’ म्हणतात आणि बंद करायला सांगतात. त्यांना आता ऐकूही कमी येतं. भाऊ मेलबर्नला आहे, बहीण नाशिकला. सहा महिन्यांनी बाबांना ८० वर्षं पूर्ण होतील. तोवर त्यांची गाणी आम्हा तिघांच्या घरी पोचावीत असं वाटतं. भाचा म्हणतो, सगळं यूट्यूबवर आहे, कशाला हा खटाटोप. काय करावं?

– एक वाचक, रत्नागिरी

सल्ला

ताई,

बाबा हट्ट करत नाहीत, खरं तेच सांगताहेत. मोबाइलवरची गाणी बहुधा खरोखरच ‘ती’ नसणार. त्याची कारणं आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं काम त्यावर ठरतं.

पहिलं कारण, एकाच गाण्याची अनेक ध्वनिमुद्रणं असतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मिळायची, म्हणून एखादा अंतरा गाळून गाणं त्यात बसवलं जायचं. तेच गाणं त्याच गायकाने पुढे एलपीसाठी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीसाठी, वेगळ्या वाद्यमेळात पुन्हा गायलेलं असतं, आणि आकाशवाणीच्या स्टुडिओत गायलेलं तर आणखी निराळं. गीतरामायणाचंच बघा. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून ते दर आठवड्याला प्रसारित झालं, तेव्हा वेगवेगळ्या पात्रांची गाणी वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. पुढे घरोघर पोचलं ते सुधीर फडक्यांनी एकट्याने गायलेलं. ज्याच्या कानात पहिलं बसलंय त्याला दुसरं कितीही सुंदर असलं तरी ‘ते’ वाटत नाही.

दुसरं कारण वेगाचं. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. बेल्ट सैल पडला किंवा सेल उतरले की हा वेग कमी होतो. वेग सहा टक्क्यांनी चुकला, तर गाणं जवळजवळ अर्ध्या सुराने वर किंवा खाली जातं. बाबांनी वर्षानुवर्षं ज्या यंत्रावर ऐकलं त्या यंत्राची पट्टी त्यांच्या कानात आहे.

तिसरं कारण मोबाइलचा स्पीकर. त्यातून डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. वयोमानाने कानांची झीज होते तेव्हा सर्वांत आधी जातात त्या वरच्या कंपनसंख्या, म्हणजे ‘स’, ‘श’, ‘फ’ची धार, झांजेची किणकिण. खालचं मोबाइलने काढून घेतलं आणि वरचं वयाने. मधे जे उरतं ते बाबांना ‘ते गाणं’ कसं वाटेल?

भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि त्या अर्ध्याचा फायदा घ्या. कंपनीच्या छापील कॅसेटमधलं पुष्कळसं आज चांगल्या दर्जात मिळतं. ते पुन्हा उतरवण्यात वेळ घालवू नका. रेडिओवरून टेप केलेलं, गावातल्या गणपतीत किंवा भजनी मंडळात गायलेलं, घरातल्या माणसांचे आवाज हे मात्र त्या एका टेपशिवाय बहुधा कुठेही नाही. हिशेबही करून बघा. कॅसेट जेवढ्या वेळाची, उतरवायलाही तेवढाच वेळ लागतो, घाई करता येत नाही. १४० कॅसेट साठ मिनिटांच्या धरल्या तरी नुसत्या वाजवण्याचे १४० तास झाले. साफसफाई, नोंदी वेगळ्या. सहा महिन्यांत नोकरी-घर सांभाळून पन्नास-साठ नीट झाल्या तर ते पुष्कळ आहे. म्हणून क्रम असा ठेवा: आजीच्या ओव्या सर्वांत आधी, मग घरचे आणि गावचे कार्यक्रम, मग रेडिओवरचं. छापील कॅसेट शेवटी, आणि त्यातही बाजारात न मिळणाऱ्याच.

कुठलीही कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी एक काम आजच करा. कॅसेटच्या वरच्या कडेला, म्हणजे टेप दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला, दोन टोकांना दोन चिमुकले प्लॅस्टिकचे तुकडे असतात. ते स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका. ते मोडले की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. जुन्या टू-इन-वनवर प्लेच्या शेजारीच रेकॉर्डचं बटण असतं. एक चुकीचा दाब, आणि ओव्यांवर पंख्याची घरघर टेप होते.

मग प्रत्येक कॅसेट उजेडात धरून बघा. तुम्ही रत्नागिरीच्या, त्यामुळे बुरशीची शक्यता मोठी. खिडकीतून टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा पांढरट भुकटी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा. तशीच वाजवली तर बुरशी हेडला, म्हणजे यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला चिकटते. अशा कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोनेक आठवडे ठेवा. कोरडी झालेली बुरशी मऊ ब्रशने झटकता येते. हे काम अंगणात, तोंडाला मास्क लावून करा. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायरही नको. उष्णतेने टेप ताणली जाते आणि मग आवाज कायमचा डुलतो.

आता कॅसेटच्या खालच्या कडेला मधोमध बघा. तांबडट पत्तीवर नमद्याचा एक इवलासा चौकोन असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज मधेच खोल जातो, मधेच येतो. लोक यंत्राला दोष देतात आणि दोष असतो या नखाएवढ्या तुकड्याचा. यावर उपाय म्हणजे टेप दुसऱ्या चांगल्या खोक्यात हलवणं. नको असलेली, पाच स्क्रूंची एखादी कॅसेट घ्या. दोन्ही कॅसेट टेबलावर आडव्या ठेवून उघडा, झाकण सरळ वर उचला, टेप कुठल्या चाकावरून कशी गेली आहे त्याचा फोटो काढा. मग दोन्ही चकत्या टेपसकट एकाच वेळी उचलून नव्या खोक्यात ठेवा. वरखालचे पातळ निसरडे कागद विसरू नका. ते नसले तर गुंडाळी घासून करकरते. ज्या कॅसेटला स्क्रू नाहीत, नुसती चिकटवलेली आहे, ती सांध्यावर पातळ पातं फिरवून उघडावी लागते. त्याचा सराव टाकाऊ कॅसेटवर करा, ओव्यांवर नको.

टेप तुटली असेल तर साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही दिवसांत पाझरतो आणि वरच्या वेढ्याला चिकटतो. कॅसेटसाठी मिळणारी स्प्लायसिंग टेप वापरा, आणि ती हेडला न लागणाऱ्या, म्हणजे आतल्या बाजूने लावा. मागच्या महिन्यात गुंडाळली गेलेली टेपही बहुधा वाचेल. पेन्सिल चाकात घालून हलक्या हाताने सरळ करत आत घ्या. चुरगळलेल्या जागी दोन-चार सेकंद आवाज बसेल, तेवढंच.

आता यंत्र. तुमचा टू-इन-वन टेप खातो याचं कारण जवळजवळ नेहमी हेच: टेप ओढणारा रबरी रोलर कडक किंवा चिकट झालेला आणि बेल्ट सैल. ओढायचं चाक टेप सोडत राहतं आणि गुंडाळायचं चाक ती घेत नाही. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे जुने कारागीर अजून सापडतात. त्यांना ‘सर्व्हिसिंग करा’ एवढंच सांगू नका. ‘बेल्ट बदला, पिंच रोलर बदला, हेड साफ करा आणि स्पीड जुळवा’ असं मोजून सांगा. बहुतेक मोटरींच्या मागे बारीक भोक असतं, त्यातून स्क्रूड्रायव्हर घालून वेग कमी-जास्त करता येतो. कॅसेट डेक, म्हणजे स्टिरिओला जोडायचा नुसता टेपरेकॉर्डर, मिळत असेल, ओळखीतून किंवा जुन्या बाजारातून, तर तो टू-इन-वनपेक्षा कितीतरी चांगला. यूएसबीची वायर लावलेले स्वस्त वॉकमनसारखे डबे येतात ते घेऊ नका. त्यांची मोटर हलकी असते, वेग डुलतो, आणि लांबवलेला प्रत्येक स्वर थरथरतो. भावगीतात तर सगळा जीव त्या लांबवलेल्या स्वरातच असतो.

वेग बरोबर आहे का ते घरीच तपासा. कंपनीची एक छापील कॅसेट घ्या, त्यातल्या गाण्याचं अगदी तेच ध्वनिमुद्रण मोबाइलवर शोधा आणि दोन्हींची लांबी घड्याळाने मोजा. तीन मिनिटांच्या गाण्यात दोन सेकंदांचा फरक म्हणजे साधारण एक टक्का, तो चालेल. दहा सेकंदांचा फरक पडला तर कारागिराकडे परत.

हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घ्या. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीनसारखं काहीतरी असतं आणि त्याचा थर बसतो. हेड आणि त्याच्या शेजारचा चकचकीत धातूचा दांडा काडीवर तपकिरी यायचं थांबेपर्यंत पुसा. रबरी रोलरला नुसतं ओलसर फडकं पुरे. वाळू द्या, मग वाजवा. जुन्या टेपची भुकटी सुटते, त्यामुळे दर पाच-सहा कॅसेटनंतर पुन्हा पुसा. आवाज हळूहळू जाड, बोथट होत गेला तर समजा हेड माखलंय.

प्रत्येक कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वीस-तीस वर्षं एकाच स्थितीत पडलेल्या टेपचे वेढे एकमेकांना धरून बसलेले असतात. ९० मिनिटांच्या टेपची जाडी ६० मिनिटांच्या टेपपेक्षा कमी असते आणि १२० मिनिटांच्या टेपची त्याहून कमी. अशा कॅसेट असतील तर त्यांना जलद पुढे-मागे करण्यापेक्षा साध्या वेगाने एकदा चालवून घेणं बरं.

यापुढचं सांगतो ते बहुतेक दुकानदार करत नाहीत, आणि ‘घोगऱ्या’ आवाजाचं खरं कारण पुष्कळदा तिथेच असतं. हेड टेपला काटकोनात असावं लागतं. बाबांनी ज्या यंत्रावर टेप केलं त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर ती टेप सरळ हेडवर बोथट वाजते. वरची सगळी धार जाते. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो, पुष्कळ यंत्रांत तो दारातल्या भोकातून दिसतो. कॅसेट वाजत असताना हेडफोन लावा आणि तो अगदी कणाकणाने फिरवा, एकूण पाव फेरीच्या वर नाही. टेपची सरसर आणि गायकाचा ‘स’ जिथे सर्वांत स्पष्ट येतो तिथे थांबा. एका जागी धुकं विरल्यासारखा आवाज उघडतो, तीच जागा. घरी टेप केलेल्या कॅसेटचा प्रत्येक गठ्ठा वेगळा असू शकतो, म्हणून दरवेळी ऐका. स्क्रूच्या मूळ जागेवर पेनाने खूण करून ठेवा.

डॉल्बीचं, म्हणजे टेपची सरसर कमी करणारं, बटण असेल तर ते घरच्या कॅसेटसाठी बंदच ठेवा. टू-इन-वनवर सहसा डॉल्बीने टेप होत नसे, आणि नको तिथे ते चालू राहिलं की आवाज दबतो.

कॉम्प्युटरला जोडताना सर्वांत नेहमीची चूक अशी: डेकची वायर लॅपटॉपच्या एकुलत्या भोकात घालतात. ते लाइन-इन नसतं, इअरफोन-माइकचं असतं. आवाज फाटतो आणि डावं-उजवं एकच होतं. लाइन-इन असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज कॉम्प्युटरला देणारी डबी, घ्या आणि डेकच्या लाइन-आउटमधून लाल-पांढरी वायर त्यात आणा. टू-इन-वनला फक्त इअरफोनचं भोक असेल तर तिथून घ्या, आवाजाचं बटण एक तृतीयांशावर, बास-ट्रेबल मधोमध. घूं असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, पुष्कळदा तेवढ्याने जातो.

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, मोफत आहे. सेटिंग ४८००० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. कॅसेट मोनो असली तरी स्टिरिओच घ्या. दोन्हींपैकी एक बाजू बहुधा जास्त स्वच्छ निघते, ती नंतर निवडता येते. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलपाशी यावा. शून्याला टेकला तर आवाज फाटतो आणि तो नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. थोडा लहान आला तर काही बिघडत नाही. कॅसेटची एक बाजू सलग एका फाइलमध्ये घ्या, गाणी नंतर तोडा. एका तासाला साधारण एक जीबी जागा लागते, फ्लॅक, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता लहान केलेली फाइल, केल्यावर ती बरीच कमी होते. ही मूळ प्रत. तिच्यावर कधीच काही करायचं नाही, जे करायचं ते दुसऱ्या प्रतीवर.

आणि करायचंही थोडंच. सरसर काढण्याच्या मोहात अनेक सुंदर गाणी मारली जातात. सॉफ्टवेअरला तंबोरा कळत नाही. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असं ते धरतं, आणि तंबोरा तर एकसारखाच चालतो. गोंगाटाचा नमुना द्यायचा तो गाणं सुरू होण्यापूर्वीच्या, नुसती सरसर असलेल्या सेकंदाचा. तंबोरा सुरू झाला असेल तिथला चुकूनही नाही. आणि घट सहा डेसिबलच्या वर नेऊ नका. त्यापुढे गळा पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. शंका आली की सरसर राहू द्या. बाबांनी ती चाळीस वर्षं ऐकली आहे.

वेग चुकीचा असेल तर ऑडॅसिटीतल्या ‘चेंज स्पीड’ने (नव्या आवृत्तीत ‘चेंज स्पीड अँड पिच’) जुळवा, नुसत्या ‘चेंज पिच’ने नाही. टेपचा वेग चुकतो तेव्हा पट्टी आणि लय दोन्ही एकदमच चुकतात, म्हणून दोन्ही एकदमच दुरुस्त व्हायला हवीत. किती जुळवायचं याचा एक उपाय टेपमध्येच असतो. विजेवर चालवलेल्या यंत्राची बारीक गुणगुण टेपमध्ये उतरते, भारतात ती १०० हर्ट्झच्या आसपास. ऑडॅसिटीच्या ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ या आलेखामध्ये साइज ६५५३६ ठेवून गाण्याआधीचा शांत भाग बघा. शिखर १०३ ला असेल तर टेप तीनेक टक्के जलद धावते आहे. आधी कॅसेट थांबवून बघा, म्हणजे ती गुणगुण आत्ताच्या यंत्राची तर नाही ना हे कळेल. त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सी स्थिर नसायची, म्हणून हा अंदाज समजा आणि शेवटचा निर्णय कानाने घ्या. घरात कुणाला पेटी येत असेल तर उत्तम. ‘आपली आवड’मधल्या ज्या गाण्याचं तेच ध्वनिमुद्रण बाजारात मिळतं त्याच्याशी पट्टी ताडून बघा. एक गाणं जुळलं की त्या बाजूवरची बाकीचीही जुळतात.

निवेदकांचा आवाज कापू नका. फर्माईश करणाऱ्यांची नावं, गावं, ‘आता ऐकू या’, मधेच तुटलेली बातमीपत्राची सुरुवात, हे सगळं राहू द्या. टेप कोणत्या वर्षाची हे कित्येकदा त्यावरूनच ठरवता येतं.

एवढं करायला जमणार नसेल तर दुकानात द्या, पण सगळ्या कॅसेट एकदम नाही. आधी पाच द्या, त्यात ओव्या नकोत. डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक मागा, आवाज साफ न करता मागा, दोन्ही बाजू पूर्ण मागा. फक्त एमपी-थ्री देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका. त्या पाचांत सुरुवात-शेवट कापलेले निघाले तर पुढच्या देऊ नका.

नोंदींविषयी. प्रत्येक कॅसेटला पेन्सिलने क्रमांक द्या, कव्हरमधल्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. बाबांच्या अक्षरातला तो कागद म्हणजे निम्मी यादी. वही किंवा एक्सेलमध्ये रकाने: कॅसेट क्रमांक, बाजू, गाण्याची पहिली ओळ, गायक, संगीतकार, कवी, कुठून टेप केलं, अंदाजे साल. मराठी गाणी लोक पहिल्या ओळीनेच शोधतात. कवीचं नाव सर्वांत जास्त वेळा सुटतं, ते सोडू नका. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर गीतकार-संगीतकारांची नावं सापडतात, तिथे ताडून बघा. फाइलींची नावं मात्र रोमन अक्षरांत आणि आकड्याने सुरू होणारी ठेवा. गाडीतले आणि छोटे प्लेअर देवनागरीच्या जागी चौकटी दाखवतात. मूळ फाइलींच्या तीन प्रती: तुमच्या कॉम्प्युटरवर एक, वेगळ्या हार्ड डिस्कवर एक, आणि एक नाशिकला बहिणीकडे.

आता बाबांचं ऐकणं. सर्वांत आधी कानात मळ साठलाय का ते डॉक्टरांकडून बघून घ्या, मग श्रवणचाचणी. श्रवणयंत्र असेल किंवा घेणार असाल तर ऑडिओलॉजिस्टला ‘म्युझिक प्रोग्रॅम’ वेगळा भरून द्यायला स्पष्ट सांगा. यंत्र बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेलं असतं. लांबवलेला स्वर किंवा बासरी त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते ती दाबायला जातं, त्यामुळे स्वर कंप पावतो. ‘ही ती नव्हेत’ यामागे हेही असू शकतं.

स्पीकर बरा घ्या, दोन मुठींएवढा का होईना, आणि तो बाबांच्या समोर, कानाच्या उंचीवर, तीन-चार फुटांवर ठेवा. मोठ्याने लावण्यापेक्षा जवळ लावणं चांगलं. पंख्याचा वेग कमी, टीव्ही बंद. त्यांना स्वतः लावायला मोठ्या बटणांचा, पेन ड्राइव्ह चालणारा प्लेअर द्या. पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, बाकीचे प्रकार असे प्लेअर बऱ्याचदा वाचत नाहीत. एमपी-थ्री १९२ केबीपीएस पुरे, तासाला सुमारे ८६ एमबी. पण ३२ जीबीमध्ये ३७० तास मावतात म्हणून तेवढं भरू नका. पंधरा-वीस गाण्यांचं एक फोल्डर, असे पाच. शेकडो गाण्यांत बटण दाबत हवं ते शोधणं ७९ व्या वर्षी जमत नाही आणि माणूस प्लेअरच बाजूला ठेवतो. काही प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजवतात. म्हणून कॉपी करतानाच क्रम लावा.

आणि त्यांच्या शेजारी बसा. कॅसेट उतरवताना आवाज स्पीकरवरही येऊ द्या आणि त्या कॅसेटचा कागद त्यांच्या हातात द्या. ‘ओळखा बघू गायक कोण’ असं विचारू नका. नाव आठवलं नाही की माणूस ओशाळतो आणि मिटतो. ‘हे टेप केलं तेव्हा आपण कुठल्या घरात होतो?’ असं विचारा, आणि मग थांबा. मिनिटभर काही बोलले नाहीत तरी थांबा. बोलू लागले की गाणं बंद करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा, घडी घातलेल्या टॉवेलवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. गाणं चालू ठेवून केलेलं रेकॉर्डिंग पुढे ऐकवत नाही. एका वेळी अर्धा तास, त्याहून जास्त नको. कॅसेट थोड्या थांबतील, बाबांना कागदावरचं काय काय आठवतंय ते आत्ताच विचारायला हवं. आजीच्या ओव्यांत कोणती नावं येतात, कुणाच्या लग्नातली ओवी कोणती, हे दुसरं कोण सांगणार?

भावाबहिणीला सगळं एकदम पाठवू नका. दोन हजार फाइलींची लिंक कुणी उघडत नाही. दर रविवारी एक गाणं पाठवा, सोबत बाबांच्या बोलण्यातला मिनिटभर तुकडा आणि त्या कागदाचा फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर गाणं ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी जाते. वाढदिवसाला एकत्र ऐकायचं असेल तर साध्या व्हिडिओ कॉलवर मोबाइलसमोर स्पीकर धरू नका. कॉलची यंत्रणा संगीताला गोंगाट समजून तोडते. झूमवर कॉम्प्युटरचा आवाज शेअर करायची सोय आहे ती वापरा, आणि बाबा गुणगुणणार असतील तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. आपल्याकडे सकाळी दहा वाजता मेलबर्नला दुपारचे अडीच किंवा, तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलेलं असतं तेव्हा, साडेतीन वाजलेले असतात.

यूट्यूबवर सर्वांसाठी टाकण्याचा विचार असेल तर जपून. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, आणि कवी व संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तबकडीचा हक्क संपला तरी शब्दांचा आणि चालीचा शिल्लक असू शकतो. घरच्यांनी घरी ऐकायला कुणाची आडकाठी नाही. आजीच्या ओव्या मात्र तुमच्या घरच्या आहेत. बाबांना आणि घरच्यांना मान्य असेल तर त्या जरूर सर्वांसाठी ठेवा, प्रत्येक ओवीचे शब्द खाली लिहून, कारण जात्याच्या घरघरीत शब्द ऐकू येत नाहीत.

काम झाल्यावर कॅसेट टाकू नका. उभ्या ठेवा, आडव्या रचू नका, मोठ्या स्पीकरपासून दूर, सिलिका जेल पावसाळ्याआधी बदलून. ट्रंक बाबांच्या खोलीतच असू दे, आणि पहिली कॅसेट कोणती घ्यायची ते त्यांनाच काढून द्यायला सांगा.